मदत हवी आहे : सासरचे सिल्वेरा खरंच फ्लेमिश सरदारांचे वंशज का?

मंडळी, नमस्कार.

गेल्या नाताळात सासूबाईंनी घरातल्या प्रत्येकाला एकेक कॉफीचा मग दिला. मगावर पांढऱ्यावर तीन तांबडे पट्टे असलेली ढाल, खाली 'सिल्वेरा', आणि सोबत एक छापील सर्टिफिकेट की हे घराणं मध्ययुगीन फ्लँडर्समधल्या (म्हणजे आजच्या बेल्जियमकडच्या, फ्लेमिश लोकांच्या प्रदेशातल्या) सरदारांचं. नवऱ्याने मगात पेनं ठेवली आणि विषय संपवला. मी मात्र अडकले. आमचा कुळवृत्तांत बाबांनी हाताने लिहून काढलाय, त्यामुळे "हे कुठल्या कागदावरून?" हा प्रश्न अंगात मुरलेला. (ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात, पण सासरचं विचारू नये असं कुठे म्हटलंय?) सहा महिने खणतेय, आता गाडी रुतली.

सासर मूळचं अझोर्समधल्या फायाल बेटावरचं, कापेलो गावचं. अझोर्स म्हणजे भर अटलांटिकमधली पोर्तुगालची नऊ बेटं. २७ सप्टेंबर १९५७ला कापेलोजवळ समुद्रातून ज्वालामुखी उसळला आणि पुढचे तेरा महिने राख ओकत राहिला. शेतं गेली, घरं छपरापर्यंत गाडली गेली. अमेरिकेने १९५८मध्ये या लोकांसाठी खास कायदा केला, त्यात आजेसासरे मॅसॅच्युसेट्सला आले. इथपर्यंत सगळे कागद हातात आहेत.

घरातली कथा अशी. फ्लँडर्समधल्या ब्रुज शहरातला विलेम व्हान डर हागेन नावाचा श्रीमंत सरदार १४७०च्या सुमाराला फायालला आला. 'हाग' म्हणजे झुडपी कुंपण, म्हणून पोर्तुगीजांनी त्याच्या नावाचं भाषांतर करून 'सिल्वेरा' केलं, म्हणजे काटेरी झुडपांचं रान. पुढे तो अझोर्समधल्याच साओ जॉर्ज बेटावर टोपो गावी स्थायिक झाला आणि तिथेच वारला. सासूबाई तर साओ जॉर्जचं चीज कापतानाही सांगतात की ही विद्या आमच्या फ्लेमिश लोकांची.

कथेची चौकट खोटी नाही, हे मला मान्य. पोर्तुगालची राजकन्या इझाबेल १४३०मध्ये बर्गंडीच्या ड्यूक फिलिपची राणी झाली आणि फ्लँडर्स तेव्हा त्याच्याच ताब्यात होतं. १४६८मध्ये योस व्हान हुर्टेरे या फ्लेमिश माणसाला फायालची वतनदारी मिळाली. होर्टा हे तिथल्या मुख्य शहराचं नाव त्याच्यावरूनच पडलं असं सांगतात, आणि जवळच्या खोऱ्यातलं एक गाव आजही 'फ्लामेंगुश' म्हणजे फ्लेमिश लोकांचं गाव. हुर्टेरेचा जावई मार्टिन बेहाइम, ज्याने १४९२चा तो प्रसिद्ध पृथ्वीगोल करवून घेतला. त्या गोलावर या बेटांपाशी फ्लेमिश वस्तीची हकीकत लिहिलेली आहे. थोडक्यात, माणसं आली, वसली, निळीसारखा रंग देणारं 'पास्तेल' पिकवून विकू लागली. प्रश्न त्यांच्यात आमचे कोण, हा आहे.

माझ्या अडचणी:

कापेलोच्या चर्चच्या बाप्तिस्मा-लग्नाच्या वह्या स्कॅन होऊन नेटवर फुकट आहेत. त्यावरून मी मागे मागे जात १६९३च्या एका लग्नापर्यंत पोचले. त्याआधी अंधार. १६७२मध्येही कापेलोवर लाव्हा आला होता, लोक पांगले, काही ब्राझीलला गेले. त्याआधी १५९७मध्ये इंग्रज दर्यावर्दी वॉल्टर रॅलेच्या माणसांनी होर्टा लुटून पेटवलेलं.

दुसरं, पोर्तुगीज आडनावांचा भरवसा नाही. एकाच आईबापांची मुलं, एकाने आजीचं आडनाव लावलंय, दुसऱ्याने आजोबांचं, मुलगी नुसतीच 'मारिया द जेझुश'. सिल्वेरा हे नाव आमच्याकडे दोनदा बाईच्या बाजूने आलंय, म्हणजे पुरुषांच्या (बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या) डीएनए चाचणीचाही उपयोग नाही.

तिसरं, नेटवरची झाडं. एका झाडात विलेम थेट बर्गंडीच्या ड्यूक योहानचा, त्या 'निडर' योहानचा, अनौरस नातू. पुरावा म्हणून दुसऱ्या झाडाची लिंक. त्या झाडात पहिल्याची.

आणि त्या १६९३च्या नोंदीत एक ओळ आहे, ती मी 'चौथ्या पातळीची माफी मिळाली' अशी लावली. कसला दंड माफ झाला ते कळत नाही. अक्षर भयंकर, फर्नांडिस हे आडनाव 'एफ-आर-झेड' एवढ्यावर उरकलंय.

माझ्या आजोळी, बांद्याला, एक सिल्वेरा कुटुंब होतं. दीर म्हणतो, वहिनी, तुम्ही आमच्याच निघाल! त्यातही काही तथ्य असू शकेल का? जाणकारांनी मार्ग दाखवावा.

*

तेरेखोलकाठी :
ताई, दिराला सांगा, सोयरीक जुळत नाही. गोव्याकडे धर्मांतराच्या वेळी पाद्र्याचं नाहीतर धर्मपित्याचं आडनाव मिळायचं. आडनावावरून रक्त शोधायला गेलात तर अर्धा गोवा लिस्बनचा निघेल. इथल्या घराण्यांचं मूळ गावकारीत, म्हणजे गावाच्या मूळ वतनदार कुळांत; त्यातल्या कुठल्या वांगडाचे, म्हणजे कुळशाखेचे, ते बघायचं.
आणि अजून एक. विलेम यायच्या आधीपासून पोर्तुगालमध्ये सिल्वेरा होतेच, आलेंतेजूकडचे. १५३८मध्ये दीवचा किल्ला लढवणारा आंतोनियो द सिल्वेरा त्यांच्यातला. गोव्यात जेझुइटांचा प्रमुख असलेला आणि पुढे १५६१मध्ये आफ्रिकेत मोनोमोटापाच्या दरबारी मारला गेलेला गोन्सालोही. तुमच्या मगावरची ढाल बहुतेक त्यांचीच आहे. दुकानदार आडनाव टाइप करतो, ढाल छापतो.

लूव्हेनस्थ :
'व्हान' बघून भुलू नका. जर्मन 'फोन'सारखा त्याला सरदारकीचा वास नाही. व्हान डर हागेन म्हणजे कुंपणापाशी राहणारा. आपलं 'कर', दुसरं काही नाही. फ्लँडर्समध्ये पन्नास गावांत कुंपणं, तितकेच हागेन.
ब्रुजच्या नागरिकत्वाच्या वह्या १४१८पासूनच्या आहेत, पण त्यांत बाहेरून येऊन नागरिक झालेल्यांचीच नावं. विलेम ब्रुजमध्ये जन्मलेला नागरिकाचा मुलगा असेल तर तिथे दिसणारच नाही. त्यापेक्षा शहराने ठेवलेल्या अनाथांच्या मालमत्तेच्या वह्या बघा. बाप वारला की वारसांची यादी होते. ड्यूकचं म्हणाल तर त्यांचं हिशेबखातं लीलला, आता फ्रान्समध्ये, अजून आहे. हे ड्यूक अनौरस मुलं लपवत नसत. नेमणूक, लग्न, सगळ्याचा खर्च टाकलेला असतो. निडर योहानचा असाच एक मुलगा कांब्रेचा बिशप होता आणि बिशप असून त्यालाही पोरं भरपूर, म्हणून झाडात माणूस घुसवायला जागाही भरपूर. लीलच्या हिशेबात नसेल तर ड्यूकला विसरा.

मोडीवेडा :
दंड नव्हे हो! ती नात्यातल्या लग्नाला चर्चने दिलेली सूट. आपल्याकडे सपिंड बघतात तसं. चर्चच्या मोजणीत चौथी पातळी म्हणजे नवरा-नवरीचे खापरपणजोबा एकच. वहीत फक्त निकाल असतो. अर्जात मात्र दोन्हीकडच्या पिढ्या एकाखाली एक मांडून, म्हाताऱ्या साक्षीदारांच्या जबान्या घेऊन, अक्षरशः वंशावळ काढलेली असते. आपल्या वतनाच्या महजरासारखी (वतनाच्या तंट्यातल्या निवाड्याचा कागद). फायाल बेट अंग्राच्या (अझोर्समधल्याच तेर्सेइरा बेटावरचं शहर) बिशपाच्या हद्दीत, तेव्हा अर्ज उरला असेल तर अंग्राला. त्या एका कागदाने चार पिढ्या पदरात पडतील.

धागाकर्ती :
मोडीवेडा, साष्टांग! सहा महिने मी दंड शोधत होते. हिशेब केला : १६९३ला नवरा पंचविशीचा धरला तर खापरपणजोबा १५५०च्या आसपास जन्मलेला. विलेम वारला त्यानंतर काही दशकांनी. म्हणजे मधे दोनच पिढ्यांची फट, आणि तीही टोपोच्या बाजूने भरायची. अंग्राला काल रात्री मेल टाकला, पोर्तुगीज नवऱ्याने तपासून दिलं.

तेरेखोलकाठी, ढालीचं खरं निघालं. सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "पण तो मग गळत नाही ना?"

लूव्हेनस्थ, त्या अनाथांच्या वह्यांना सूची आहे का, की पानन्‌पान वाचावं लागतं? मला जुनी डच येत नाही. १४४० ते १४७० एवढाच पट्टा हवाय. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, १६९३च्या नोंदीचा फोटोही जोडलाय. तिसऱ्या ओळीत वराच्या आईचं नाव आहे, ते 'ब्रुम' वाटतंय की 'ब्रुन'?