कापसावरील आयात शुल्क आणि कोरडवाहू शेतकरी

प्रश्न (परभणी): केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरील ११ टक्के आयात शुल्क माफ केले आणि पुढे ही सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली, आमच्याकडे पहिली वेचणी घरात येते ती नेमकी याच काळात. गरिबी कमी करणारे व्यापार धोरण ते हेच का?

उत्तर (जालना): अमेरिकेने त्याच महिन्यात भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावल्याने कापड उद्योगातील मजुरांचाही रोजगार धोक्यात होता, हे विसरून चालणार नाही. मात्र सवलतीला तारखेऐवजी भावाची अट हवी होती: लांब धाग्याच्या कापसाचा दर २०२५-२६ च्या क्विंटलला ८,११० रुपये या हमीभावाखाली उतरला की शुल्क पुन्हा लागू.

उत्तर (लातूर): तुरीचेही तेच आहे. मोझांबिकशी २०१६ मध्ये आयातीचा करार झाला. तिथला उत्पादकही अल्पभूधारकच, म्हणून आयात बंद करा असे मी म्हणणार नाही. पण शुल्कमाफीची मुदत पुन्हा पुन्हा वाढत असेल, तर पेरणीचा हिशेब कशावर मांडायचा?

प्रश्नकर्ता: भावाची अट पटते, पण खरेदी केंद्रावर १२ टक्क्यांहून अधिक ओलावा असलेला कापूस घेत नाहीत, आणि सप्टेंबरच्या अतिवृष्टीनंतर माझी बोंडे झाडावरच काळवंडली होती.