मदत हवी आहे: १०० एमबीपीएसचं फायबर, तरी बेडरूमच्या टीव्हीवर सारखं बफरिंग

पेठेतला
घरात १०० एमबीपीएसचं फायबर आहे. मोबाइलवर तपासलं की ९०च्या वर दाखवतं. पण बेडरूमच्या टीव्हीवर रात्री काहीही लावा, थोड्या वेळात चित्र धूसर होतं आणि मग ते चक्र फिरत बसतं. इंटरनेटवाले म्हणतात, लाइन व्यवस्थित आहे. मेश (घरभर वायफाय पोचवणारे, एकमेकांशी जोडलेले राउटर) घ्यायचं ठरवलंय. कुठला घेऊ? रविवारी मॅच आहे, त्याआधी बसवायचाय. कृपया थेट नाव सांगा.

वायरवाला
मोबाइल कुठे उभं राहून तपासलात? राउटर नेमका कुठे आहे? वायफायचे दोन पट्टे असतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ; टीव्ही २.४ वर चालतो की ५ वर? टीव्हीला लॅनचं (वायरने नेट जोडायचं) पोर्ट आहे का? हे कळल्याशिवाय नाव सांगितलं तर तुमचे पैसे पाण्यात जाऊ शकतात.

औंध_मेश
फार चौकशी नको. ड्युअल बँड मेशचे दोन नग घ्या. एक राउटरजवळ, दुसरा बेडरूमच्या दाराबाहेर. दुसरा नग टीव्हीच्या मागे ठेवू नका, तिथे सिग्नल आधीच मेलेला असतो आणि मेलेला सिग्नल तो पुढे काय पाठवणार? शिवाय कंपनीच्या राउटरला जोडताना मेश अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर ठेवा. नाहीतर डबल नॅट होतं, म्हणजे घरात दोन वेगळी नेटवर्कं बनतात. मग टीव्ही मेशवर, मोबाइल जुन्या राउटरवर, आणि कास्ट करायला गेलात की टीव्ही सापडत नाही.

पेठेतला
टीव्ही ४३ इंची, ४के, स्मार्ट. राउटर हॉलमध्ये. मोबाइल हॉलमध्येच तपासला. इंटरनेट तर एकच आहे, हॉल काय नि बेडरूम काय?

वायरवाला
खूप फरक पडतो. हॉलमधला आकडा हॉलचा. टीव्हीला काय मिळतंय ते टीव्हीवरच मोजायला हवं. टीव्हीत ब्राउझर असेल तर फास्ट डॉट कॉम उघडा. ही चाचणी नेटफ्लिक्सची स्वतःची आहे. त्यांच्याच हिशोबाने ४केला १५ एमबीपीएस लागतात, १०८०पीला ५. म्हणजे टीव्हीला १०० कधीच लागत नाहीत, जे लागतात ते अखंड मिळायला हवेत.

दुसरी चाचणी, रात्री साडेनऊच्या सुमारास: लॅपटॉप लॅन वायरने थेट राउटरला लावा, लॅपटॉपचं वायफाय बंद करा, मग मोजा. इथेही आकडा पडला तर दोष लाइनचा. इथे पूर्ण मिळाला तर दोष घरातल्या वायफायचा.

तिसरं: राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ आणि ५ ला वेगवेगळी नावं द्या आणि टीव्हीच्या यादीत ५ वालं दिसतं का पाहा.

बाणेर_ऑडिओ
टीव्हीला साउंडबार जोडला असेल तर ऑप्टिकलऐवजी एचडीएमआयच्या एआरसी (टीव्हीचा आवाज बाहेर देणाऱ्या) पोर्टला लावा. ओटीटीवरचा अ‍ॅटमॉस आवाज डॉल्बी डिजिटल प्लसमधून येतो आणि तो ऑप्टिकलमधून जात नाही, साधा ५.१च मिळतो. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये आउटपुट 'पास थ्रू' किंवा 'ऑटो' ठेवा, पीसीएम नको.

पेठेतला
साउंडबार नाहीये. प्रश्न चित्र अडकण्याचा आहे.

रेडिओ_लहरी
५ गिगाहर्ट्झचं नाव टीव्हीत दिसलं नाही तर लगेच निष्कर्ष काढू नका. राउटर वायफायच्या कुठल्या चॅनेलवर (पट्ट्यातल्या कुठल्या कप्प्यावर) आहे ते बघा. ५२ ते १४४ हे चॅनेल रडारसोबत वाटून घेतलेले आहेत. राउटरला रडारची चाहूल लागली की त्याला चॅनेल सोडावाच लागतो, आणि अशा नव्या चॅनेलवर सुरू होण्याआधी किमान एक मिनिट नुसतं ऐकत थांबावं लागतं. पुण्यात विमानतळाजवळ, लोहगाव-विमाननगरकडे राहणाऱ्यांनी हे आधी तपासावं. काही टीव्ही हे चॅनेल दाखवतच नाहीत. चॅनेल ऑटोवरून काढून ३६ वर ठेवा, राउटर रीस्टार्ट करा, मग यादी पाहा.

सिंहगड_रोड
गुरुवारी वीज जाते तेव्हा राउटर कशावर चालवता? १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस लावा. फायबरचा डबा आणि राउटर वेगळे असतील तर दोन्हींना बॅकअप द्यावा लागेल, एकाला देऊन उपयोग नाही. अ‍ॅडॅप्टरवर किती अँपिअर लिहिलंय ते बघूनच घ्या.

पेठेतला
केलं सगळं. टीव्हीवर ६ दाखवतंय, कधी ४. लॅपटॉप वायरने ९३. चॅनेल ३६ केला तरी ५ वालं नाव टीव्हीत येत नाही. मोबाइलमध्ये येतं. टीव्हीच्या मागे लॅनचं पोर्ट आहे. राउटर दाराशेजारच्या चपलांच्या कपाटात वरच्या खणात आहे, वायरी दिसू नयेत म्हणून. कपाट पत्र्याचं. आता सांगा कुठला मेश.

वायरवाला
लाइन ठणठणीत आहे, अडचण त्या कपाटात आहे. पत्र्याच्या डब्यातून लहरी बाहेर पडायला फक्त दाराच्या फटी उरतात. त्यात टीव्हीला ५ गिगाहर्ट्झ नाही, म्हणजे तो २.४ वरच बसणार. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. पेठेत भिंतीला भिंत लागून घरं, सगळ्यांचे राउटर याच तिघांवर. रात्री सगळे एकदम टीव्ही लावतात म्हणून तुमचं रात्रीच अडकतं.

आज एवढंच करा: राउटर कपाटाबाहेर काढून कपाटाच्या वर ठेवा, अँटेना उभ्या करा. फायबरची बारीक वायर घट्ट वळवू नका, आतली काच तुटते. वळण मोठं ठेवा. २.४ ची चॅनेल रुंदी ४० मेगाहर्ट्झ असेल तर २० करा. मग पुन्हा मोजा.

औंध_मेश
आणि मग मेश घ्याच. टीव्ही दुसऱ्या नगापासून दोन मीटरवर आला की २.४ वरही त्याला भरपूर मिळेल. मधलं अंतर दोन्ही नग ५ वर कापतील.

वायरवाला
जो टीव्ही भिंतीवरून हलणार नाही त्याला हवेतून डेटा पाजायचा कशाला? दोन्ही नग एकमेकांशी आणि मोबाइलशी त्याच ५ च्या पट्ट्यावर बोलणार, म्हणजे वेग तिथे वाटला जाणार. मेश फिरणाऱ्या वस्तूंसाठी. टीव्हीला वायर ओढा.

औंध_मेश
टीव्हीचं लॅन पोर्ट बहुतेक वेळा १०० एमबीपीएसचंच असतं, गिगाबिट (१००० एमबीपीएस) नसतं. चांगलं ५ गिगाहर्ट्झ त्याहून वेगवान जातं, हेही सांगा.

वायरवाला
बरोबर, पण या टीव्हीला ५ नाहीच. घरच्या हार्ड डिस्कवरून ब्लू-रेच्या अवजड फाइली नेटवर्कवर चालवायच्या असतील तर १००चं पोर्ट कमी पडू शकतं. ओटीटीच्या १५ला ते पुरून उरतं.

मंजिरी_ग
भिंत फोडायची गरज नाही. बेडरूममध्ये केबल टीव्हीची जुनी काळी वायर आलेली आहे का?

पेठेतला
आहे. डीटीएच बंद केल्यापासून पडून आहे. टीव्हीमागच्या पाइपातून निघते, हॉलच्या दारापाशी बाहेर येते.

मंजिरी_ग
मग तोच पाइप वापरा. आधी जुनी वायर एका टोकाने ओढून पाहा, मोकळी सरकते का. सरकत असेल तर तिच्या टोकाला कॅट ६ या लॅन वायरचं बिनकनेक्टरचं टोक आणि एक नायलॉनची दोरी एकत्र बांधा, चिकटपट्टी निमुळती गुंडाळा म्हणजे कोपऱ्यात अडत नाही. एकाने ओढायचं, दुसऱ्याने मागून हळूहळू सोडायचं. दोरी पाइपातच राहू द्या, पुढे काही ओढायला कामाला येते. त्या पाइपात विजेच्या २३० व्होल्टच्या वायरी असतील तर मात्र त्यात घालू नका, वरून केसिंग पट्टी मारा.

कनेक्टर ओढून झाल्यावरच लावायचे. दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. निळ्याच्या जागी हिरवा गेला की जोडणी बिघडते, चूक तिथेच होते.

पेठेतला
कपाटाबाहेर काढल्यावर टीव्हीवर २८ आलं, पण आत्ता दुपार आहे. वायर उद्या आणतो. तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, कॅट ६ म्हणून मागितलं की झालं ना?

वायरवाला
नाही. पूर्ण तांब्याची मागा. सीसीए म्हणून मिळते ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियम. पाइपात ओढताना वळणावर तुटते. तुकडा सोलून तार ब्लेडने खरवडा, आतून पांढरी निघाली तर घेऊ नका. जुनी वायर काढून झाल्यावर तीच मोजा आणि दोन मीटर जास्त घ्या. बसवल्यावर टीव्हीवर ९४च्या आसपास दिसलं तर अजून काही शोधत बसू नका, १००च्या पोर्टवर एवढंच येतं.

सिंहगड_रोड
आणि यूपीएस?

पेठेतला
तोही बघतो, आधी वायर.