'अनुभव' (१९७१) नीट पाहायचा तर

बासु भट्टाचार्य यांचा 'अनुभव' गाण्यांमुळे ठाऊक असतो, सिनेमा मात्र पाहायचा राहून जातो. बारकाईने पाहिलेल्यांनी लिहा : कसा पाहावा, काय हमखास निसटतं?

~

आधी प्रत बघून घ्या. १९८६ मध्ये याच नावाचा दुसरा हिंदी सिनेमा आला, शेखर सुमन आणि पद्मिनी कोल्हापुरेंचा. शोधताना घोटाळा होतो. आपला कृष्णधवल आहे : संजीव कुमार, तनुजा, दिनेश ठाकूर, ए. के. हंगल. मोबाइलच्या स्पीकरवर मुळीच नको. बोलणं बरंचसं हलक्या आवाजात आहे, हेडफोन लावा.

~

बायकोच्या जुन्या प्रियकराची वाट बघत बसलं की सुरुवातीचा भाग संथ वाटतो, आणि खरी गोष्ट तर तिथेच आहे! लग्नाला सहा वर्षं झालेली, अमर वर्तमानपत्राचा संपादक, सदा कामात. घर नोकरांच्या हाती. त्याची बायको मीता एकट्या म्हाताऱ्या हरीला ठेवते, बाकी सगळ्यांना काढून टाकते. तिथून पुढे घरातलं कुठलं काम कुणाच्या हातात आहे, तेवढंच बघत राहा. नोकर गेले तसा न बोलता दिवस ढकलायचा आडोसाही गेला. दोघं जरा कुठे जवळ येतात आणि तो जुना प्रियकर, शशी, नोकरीसाठी अमरच्याच कचेरीत येतो. म्हणून ते इतकं लागतं.

~

गीता दत्तची गाणी तीन : 'कोई चुपके से आके', 'मेरा दिल जो मेरा होता' आणि गुलजारांचं 'मुझे जाँ न कहो मेरी जान'. वाद्यं इतकी मोजकी की 'जान' म्हणताना तिचा श्वाससुद्धा ऐकू येतो. २० जुलै १९७२ ला ती गेली. संगीतकार कनू रॉय तिचे भाऊ, असं जागोजागी लिहिलेलं सापडतं. ते चूक आहे. तिचे संगीतकार भाऊ म्हणजे मुकुल रॉय.

~

यानंतर बासु भट्टाचार्यांचेच 'आविष्कार' (१९७४), मग 'गृहप्रवेश' (१९७९), याच क्रमाने. तिन्हींत नवऱ्याचं नाव अमरच, पण कथा स्वतंत्र आहेत. 'आविष्कार' लग्नाच्या वाढदिवसाच्या रात्रीचा. मधूनमधून मागे जातो, तेव्हा दुसरं काही करत पाहू नका. 'गृहप्रवेश'मधला रंगकामाचा भाग पुढे ढकलू नका. नवऱ्याची मैत्रीण घरी यायची असते आणि बायको मानसी भिंती रंगवून घेते, स्वतःही नटते. मीताने घर हाती घेतलेलं डोक्यात ताजं असेल, तर हा प्रसंग दुप्पट भिडतो.