वडिलांना रिटायर झाल्यावर गावातल्या पोरांना शेती शिकवायचीय, सुरुवात कुठनं करावी?

सीनाकाठचा
नमस्कार मंडळी. आमचे दादा (वडिलांना आम्ही दादाच म्हणतो) कृषी तंत्र विद्यालयात शिकवायचे, सगळी नोकरी त्यातच गेली. दहावी झालेली पोरं यायची, दोन वर्षात डिप्लोमा करून जायची. त्यातले कितीतरी जण आज कृषी सेवा केंद्र टाकून बसलेत, काही कृषी सहायक झाले, पण स्वतः शेती करणारे फार थोडे आणि तेच दादांना खुपतंय. आता रिटायर झालेत. मोहोळ तालुक्यात आमची थोडी जमीन आहे, अर्धी कोरडवाहू, अर्धीला बोअरचं पाणी पण उन्हाळ्यात त्याचा काय भरवसा नसतो. दादांचं म्हणणं, गावातली बारावी होऊन पारावर मोबाईल घेऊन बसलेली पोरं गोळा करायची आणि फुकट शिकवायचं. आई म्हणते गुडघे सांभाळा आधी. ते तर फळा आणि खुर्च्यांची ऑर्डर द्यायला निघालेत, मी थांबवून ठेवलंय. असं कुणी केलंय का, पोरं टिकतात का?

मालदांडी३५
खुर्च्या अजिबात घेऊ नका भाऊ. फुकट शिकवायला लागलं की पोरं चार दिवस चहाला येतात आणि मग दिसत नाहीत, हे आमच्याकडं बघून झालंय. महिन्याभरात हाताला पैसा लागेल असं एकच काम धरा. आपल्या जिल्ह्यात ते काम म्हणजे डाळिंबाची छाटणी. सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा, बहार (फुलं-फळांचा हंगाम) धरायच्या वेळी छाटणीची टोळी मिळवायला शेतकरी फोनवर फोन करतो आणि मिळाली तरी निम्म्यांना कुठली काडी ठेवायची ते कळत नाही. त्यात तेल्या (डाळिंबावरचा जिवाणूंचा रोग) कात्रीवाटे या झाडावरनं त्या झाडावर जातो, तरी कात्री सोडियम हायपोक्लोराइटमध्ये बुडवून पुढच्या झाडाला जाणारा माणूस मला अजून क्वचितच दिसलाय. दादांनी दहा पोरांना एवढं जरी नीट शिकवलं तरी ती पोरं सीझनभर रिकामी बसणार नाहीत. सोलापूरजवळ केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, २००५ पासून, आपण हायवेनं जाताना नुसता बोर्ड वाचतो. पोरांना तिथं घेऊन जा. मोहोळचं केव्हीके (कृषी विज्ञान केंद्र) तर तुमच्या तालुक्यातच आहे, दुसरं आपल्याच जिल्ह्यात खेडला.

जुनीफाईल
वरच्यांशी सहमत पण थोडं पुढं बोलतो. सोलापूर-पुणे प्रवासात उरुळी कांचन लागतं, आपण सगळे तिथनं हजारदा गेलोय. १९४६ ला गांधीजी तिथं आले, निसर्गोपचार आश्रम सुरू झाला आणि मणिभाई देसाई नावाचा सुरतेकडचा तरुण मागं राहिला. विज्ञान शिकलेला माणूस, तोही मराठी मुलखातला नव्हे. तो तिथंच राहिला, जनावरं पाळली, शाळा काढली, १९६७ ला बाएफ ही शेती-पशुपालनाची संस्था उभी केली, १९८२ ला मॅगसेसे मिळालं आणि १९९३ ला गेले. आता यात तुमच्या दादांच्या कामाचं काय, तर बाएफनं संकरित गाईसाठी कृत्रिम रेतन शेतकऱ्याच्या दारात नेलं आणि ते करायला ट्रेनिंग दिलेली पोरं मोटारसायकलवर गावोगाव फिरायची. म्हणजे शिक्षण आणि रोजगार एकाच कामात. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ ला विज्ञान आश्रम काढला, शाळेत न रमलेल्या पोरांना वेल्डिंगपासून शेतीपर्यंत हातानं करत शिकवायचं, आणि करताकरता गावातल्या लोकांची कामंही व्हायची. कर्मवीर अण्णांच्या 'कमवा आणि शिका'चा विचार याच वाटेचा. देशातलं पहिलं केव्हीके १९७४ ला पुदुच्चेरीला सुरू झालं ते पण करून शिकण्यावरच. एवढी उदाहरणं समोर असून आपण प्रत्येक वेळी फळ्यापासूनच सुरुवात करतो ही गंमत आहे. यातली माणसं एका गावाला धरून बसली, दहावीस वर्षं हललीच नाहीत, माझ्या मते खरं भांडवल ते. दादांकडं वेळ आहे आणि गाव त्यांचंच आहे, मग अडलंय काय.

वैरागची_लेक
सगळे पोरं पोरं करताय, पोरींचं काय?? मी बीएस्सी अॅग्री केलंय. शेवटच्या वर्षी रावेला (गावात राहून करायचा कामाचा अनुभव) आम्ही कृषिकन्या म्हणून गावात राहिलो, ज्वारीच्या बीजप्रक्रियेचं प्रात्यक्षिक घेतलं. काणी (कणसावरचा बुरशीचा रोग) येऊ नये म्हणून किलोला ४ ग्रॅम गंधक चोळायचं, सोपं काम. बघायला सगळे पुरुष, हाताची घडी घालून. आणि ज्यांच्या ताब्यात बियाणं असतं, जी बाई कणसं निवडून पुढच्या वर्षासाठी उतरंडीत नाहीतर डब्यात ठेवते, ती आत चहा करत होती. आम्ही मग संध्याकाळी परत चुलीपाशी बसून तेच दाखवलं तेव्हा कुठं प्रश्न आले, एका आजींनी तर गंधकानं कोंबड्यांना काय होतं का तेपण विचारलं (प्रक्रिया केलेलं बी खायला घालायचंच नाही, हे सांगायचं आमच्याकडनं राहिलंच असतं). काकांना सांगा निम्म्या जागा पोरींना ठेवा. आणि वेळ दुपारी चारची नको, त्या वेळेला त्या रानात असतात. लग्नाचं म्हणाल तर शेती करणाऱ्या पोराला मुलगी देत नाहीत म्हणून सगळे रडतात, पण त्या मुलीला शेतीतला हिशोब कुणी कधी दाखवलाय का?

सीनाकाठचा
सगळं दादांना वाचून दाखवलं. मणिभाईंचं त्यांना माहीत होतं, मलाच ऐकवलं उलटं. फळा कॅन्सल. पोरींचं ऐकून आधी गप्प बसले, मग म्हणाले शेजारच्या वस्तीवरच्या दोघी डिप्लोमाला त्यांच्याच हाताखाली होत्या, दोघी आता घरीच आहेत, त्यांनाच शिकवायला बोलवतो. मालदांडी सर, छाटणीचंच धरायचं ठरतंय. मजुरी रोजावर ठेवायची का झाडावर, म्हणजे दर झाडामागं? दादा झाडावर म्हणतायत.

मालदांडी३५
शिकाऊ असेपर्यंत रोजावरच ठेवा. झाडावर रेट लावला की पोरं पळत सुटतात, नको ती काडी जाते आणि कात्री बुडवायचं पहिलं विसरतात. एक बहार जाऊ द्या, हात बसला की मग झाडावर. आणि पहिली बाग स्वतःच्या पाहुण्याची घ्या, बोलणी खायची ती घरातल्या घरात.