कष्टांचा हिशेब

'जेवढे कष्ट तेवढं फळ' असं लोक म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. गिटार शिकायला लागलो तेव्हा पहिल्या सहा महिन्यांत चार-पाच गाणी बऱ्यापैकी वाजायला लागली. पुढची दोन वर्षं बोटांना घट्टे पडले आणि जी काही सुधारणा झाली ती फक्त मला ऐकू यायची. (बायकोला तर तीही नाही.) घटत्या फलाचा नियम म्हणतात तो हाच.

पण खरी गोची वेगळीच आहे. आधी उपसलेले कष्टच आपल्याला पाय काढू देत नाहीत. काँकॉर्ड हे आवाजापेक्षा वेगाने उडणारं प्रवासी विमान बघा. ब्रिटन आणि फ्रान्सने १९६२ मध्ये ते मिळून बनवायचा करार केला, खर्च अंदाजाच्या कितीतरी पट वाढला, गिऱ्हाईकं गळाली, तरी 'आता एवढं घातलंच आहे तर' म्हणत प्रकल्प रेटला. शेवटी बनली फक्त २० विमानं!

म्हणून मी हल्ली स्वतःला एकच विचारतो: हे आज नव्याने सुरू करायचं असतं, तर केलं असतं का? गिटारबद्दल 'हो' आलं, घट्ट्यांसकट. दुसऱ्या पदवीबद्दल 'नाही' आलं. दीड वर्ष घालून ती अर्ध्यातच सोडली, आणि त्या रात्री झोप मात्र छान लागली.