ब्रोमो-इजेन: मदत हवी आहे, जरा लवकर

घणसोलीकर: विमानाची तिकिटं काढून झालीत, त्यामुळे "जावं की नको" यावर चर्चा नको. बालीत उतरून शेजारच्या जावा बेटावरचे ब्रोमो आणि इजेन हे ज्वालामुखी करायचेत. आधी कुठलं? चार दिवसांत बसतं का? इजेनच्या निळ्या ज्वाळा बघायच्याच आहेत. गाडीवाला उत्तर मागतोय.

माजिवडा_नाका: कधी जाताय? कोण कोण?

घणसोलीकर: चौघं. सुट्टीत.

सुमा_खारघर: अहो, सुट्टी म्हणजे मे, दिवाळी की नाताळ?

घणसोलीकर: नाताळ.

माजिवडा_नाका: म्हणजे तिथला पावसाळा. कोरडे महिने साधारण एप्रिल ते ऑक्टोबर. ब्रोमो बघायच्या पनंजाकान डोंगरावर पहाटे कुडकुडत उभे राहाल आणि समोर नुसतं धुकं, अशीही तयारी ठेवा. बालीहून आधी इजेन. बालीच्या गिलिमानुक बंदरातून जावातल्या केतापांगची फेरीबोट धरा, इजेनजवळच्या बान्युवांगी शहरात मुक्काम. जावाचं घड्याळ बालीपेक्षा एक तास मागे आहे, गाडीवाल्याशी वेळ ठरवताना घोळ होतो.

भटक्या_येऊर: एवढे पैसे घालून ज्वालामुखी कशाला? आपला सह्याद्री काय आहे मग? ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. हरिश्चंद्रगडावर जा, कोकणकडा बघा.

सुमा_खारघर: झालं सुरू. तिकिटं काढलीत म्हणाले ना ते? आणि आपल्याकडे लाव्हा भेगांतून वाहिला, थरावर थर बसले. म्हणून कडे आहेत, धुमसतं विवर नाही. त्यांना धूर बघायचाय.

भटक्या_येऊर: धूर बघायला घोडबंदर रोड आहे की.

पैसे_वसूल: फॉरेक्स कार्ड घेऊ नका, रोख न्या. व्हिसा तिथे उतरल्यावर मिळतो, पाच लाख रुपिया. आकडा बघून घाबरू नका.

घणसोलीकर: व्हिसाचं विचारलंच नव्हतं. इजेनचा चढ आईला जमेल का, ते सांगा.

माजिवडा_नाका: आई आहेत बरोबर? हे आधी सांगायचं. वय? गुडघे?

घणसोलीकर: बासष्ट. गुडघे ठणठणीत. फक्त दमा आहे, पंप असतो जवळ.

सुमा_खारघर: "फक्त"?! ती निळी ज्वाळा म्हणजे जळणारा गंधकाचा वायू. दिसते अंधारातच, म्हणून मध्यरात्रीनंतर तीनेक किलोमीटर चढायचं, मग दगडांतून विवरात उतरायचं. मी गेले होते. वारा फिरला की मास्क असूनही डोळ्यांतून पाणी आणि घशात काटे. बॅगेतल्या ओढणीला घरी आल्यावरही वास होता. काकूंना नेऊ नका.

माजिवडा_नाका: ढकलगाडी मिळते. गंधक वाहणारेच माणसं ओढतात.

सुमा_खारघर: ती विवराच्या कडेपर्यंतच. गाडीत बसून श्वास बदलतो का? आणि हल्ली प्रवेशाला आरोग्य प्रमाणपत्र लागतं.

घणसोलीकर: मग ब्रोमो?

माजिवडा_नाका: पनंजाकान २,७७० मीटरवर आहे, पण जीप बरंच वर नेते. तिथून सूर्योदय आणि मागे धुरकटणारा सेमेरू ज्वालामुखी. वाळूच्या पठारावर जीप थांबते, पुढे घोडा, मग विवराच्या जिन्याच्या अडीचशेक पायऱ्या. आईंनी खाली थांबावं, राख तिथेही उडते. तरी आधी डॉक्टरांना विचारा.

सुमा_खारघर: इजेनला तुम्ही तिघं जा, काकू बान्युवांगीत झोपतील. दोन्ही ठिकाणं, परत बाली, चार दिवसांत दमछाक आहे हां. परतीचं विमान जावातल्याच सुराबायाहून असेल तर बरं.

घणसोलीकर: परतीचंही बालीहूनच आहे.

पैसे_वसूल: सुराबाया ते बाली वेगळं तिकीट काढा. सामानाचं वजन बघा.

घणसोलीकर: बरं. आईला एकटीला हॉटेलात ठेवलं तर शाकाहारी जेवण मिळेल का तिथे?

भटक्या_येऊर: हरिश्चंद्रगडावर पिठलं-भाकरी मिळते.