रेल्वे वसाहतीमागची गल्ली ‘बाहेरच्यांची’ नाही

भुसावळच्या रेल्वे वसाहतीमागील गल्ली ‘बाहेरच्यांची आणि दखल घेण्याजोगे काही नसलेली’ आहे, हे काही जणांचे मत मला पटत नाही. मुंबईहून येणारा लोहमार्ग येथे दुभंगून एक फाटा नागपूरकडे, तर दुसरा खांडवा-इटारसीकडे जातो, आणि १८७० साली जबलपूरमार्गे मुंबई-कोलकाता जोडणी पूर्ण झाल्यापासून चालक, गार्ड, फिटर व कारकून यांची या गावाला सतत गरज पडत आली. त्यामुळे अँग्लो-इंडियन, तेलुगू, हिंदी भाषक आणि आसपासच्या खेड्यांतील लेवा पाटील कुटुंबे शेजारी शेजारी राहू लागली.

तेथील दिनक्रम घड्याळाचा नव्हे, गाड्यांचा असतो. पूर्वी ‘कॉलबॉय’, म्हणजे गाडीवर जाण्याचा निरोप घेऊन येणारा रेल्वेचा माणूस, अपरात्री दार ठोठावून वहीवर सही घेत असे, आता मोबाइल वाजतो, एवढाच फरक; डबा मात्र आजही रात्री दोनलाच भरावा लागतो. रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा झोपतो, म्हणून त्याच्या दारासमोर पोरांनी क्रिकेट खेळू नये, हा नियम कोणी लिहून ठेवलेला नाही, पण सगळे पाळतात. (मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना दुपारी झोप लागते, हेच नवल!) एका घरातून कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी आणि वांग्याचे भरीत जाते, दुसरीकडून इडलीचे पीठ येते.

निवृत्तीनंतर सरकारी घर सोडावे लागते. तरीही अनेकांनी मूळ गावी न परतता येथेच छोटी जागा घेतली आणि त्यांची नातवंडे आता तावडी, म्हणजे जळगाव भागातील बोलीच्या, वळणाची मराठी बोलतात.